‘कसंतरी व्हायलंय’: मानसोपचारतज्ज्ञाच्या घडणीविषयी, अंबाजोगाईच्या निमित्ताने

मराठीच्या विद्यार्थ्याला अंबाजोगाई प्रथम भेटते ती मुकुंदराजांमुळे. ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, सिद्ध झाला असे परंपरा मानते. त्या शकाविषयी अभ्यासकांत वाद आहे, आणि ग्रंथाचे स्थळ बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरे याविषयीही आहे. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. वेदान्तासारखे शास्त्र लोकांच्या बोलीत सांगता येते, हा विश्वास ज्या थोड्या गावांच्या नावाशी जोडला गेला, त्यांत अंबाजोगाई आहे, एवढे आम्हांस पुरे आहे. पुढे याच गावी दासोपंतांनी ‘गीतार्णवा’चा अफाट विस्तार केला आणि ‘पंचीकरण’ कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहून काढले.

याच गावात १९७० च्या दशकाच्या मध्यास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असा त्याचा उल्लेख नेहमी होतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्यापूर्वी स्वामीजींनी याच गावातील योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले होते, तेव्हा नाव समर्पकच आहे. परंतु शिक्षकाचे नाव धारण करणाऱ्या आणि मुकुंदराजांच्या गावी वसलेल्या या संस्थेत ज्ञानाची भाषा इंग्रजी आहे. यात तिचा दोष नाही; देशातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत तसेच आहे. हृदयाचा झडपदोष किंवा मोडलेले हाड यांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडतही नाही, कारण तेथे स्टेथोस्कोप आणि क्ष-किरण बोलतात. मानसोपचारात मात्र रुग्णाचे बोलणे हीच तपासणी असते. म्हणून मनाचा डॉक्टर कसा घडतो हा प्रश्न आम्हांस केवळ वैद्यकाचा वाटत नाही. तो भाषेच्या इतिहासाचाही प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेखात तो त्याच अंगाने पाहावयाचा आहे.

*

वैद्यक मराठीत शिकवणे अशक्य आहे, असे आज सहज म्हटले जाते. इतिहास निराळे सांगतो. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग चालत होते. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या शिक्षकांनी त्या काळात मराठीतून वैद्यकीय लेखन केले. पुढे मराठी वर्ग पुण्यास गेला आणि १८७८ च्या बी. जे. मेडिकल स्कूलचे मूळ त्यात आहे. ही परंपरा पुढे खंडित झाली, आणि तिच्याबरोबर आजाराविषयी मराठीत शास्त्रशुद्ध बोलण्याची सवयही गेली.

मराठवाड्याचा इतिहास याहून वेगळा. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले, आणि त्यासाठी चालविलेल्या भाषांतरसंस्थेने वैद्यकाचे ग्रंथही उर्दूत आणले. देशी भाषेत आधुनिक विद्या शिकविण्याचा हा प्रयोग मोठाच होता. परंतु बीड किंवा परभणीकडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर डॉक्टराची भाषा त्याची नव्हतीच. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. एक परकी लिपी जाऊन दुसरी आली. रुग्णाचे मराठी होते तेथेच, केसपेपराच्या बाहेर, राहिले.

निजाम राज्याचे मनोरुग्णालय एकेकाळी जालन्यास होते. १९५० च्या दशकात ते हैदराबादेस, एर्रागड्डा येथे गेले. भाषावार प्रांतरचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी ही पूर्वीच्या इंग्रजी अमलातील मनोरुग्णालये राज्याच्या वाट्यास आली. मराठवाड्यात एकही नव्हते. ‘येरवड्याला धाडायला पाहिजे’ किंवा ‘ठाण्याची वाट धर’ ही बोलीतील थट्टा पुण्यामुंबईकडची. बीडच्या माणसास ती वाट दोन-तीन दिवसांच्या रजेची आणि उसनवारीची होती. अलीकडच्या वर्षांत राज्य शासनाने जालन्यास नव्या प्रादेशिक मनोरुग्णालयास मंजुरी दिली आहे. एक वर्तुळ पुरे होण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

*

पण भिंती उभारल्याने डॉक्टर घडत नाहीत. १९१२ च्या कायद्याने ‘ल्यूनॅटिक’ ठरविलेल्या माणसास मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत घेत, आणि आत त्याची निगराणी होई. अधीक्षकाला मनोविकारांचे खास शिक्षण हवे, अशी अपेक्षा फारशी नव्हती. रांचीच्या युरोपियन रुग्णालयात बर्कली-हिल यांनी प्रशिक्षणाची सोय केली आणि १९२२ मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या मानसोपचार पदविकेसाठी मान्य झाले. परंतु ते रुग्णालयच मुळी गोऱ्यांसाठी होते. देशी भाषांचा तेथे संबंध नव्हता.

दुसरी वाट कलकत्त्यात निघाली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये कार्मायकेल मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयाच्या, रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. हे बोस फ्रॉइडशी पत्रव्यवहार करीत आणि मनोविश्लेषणावर बंगालीतही लिहीत. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग उघडला. या घटनेचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. वेड्यांच्या इस्पितळात माणसास आणून टाकीत. सर्वसाधारण रुग्णालयात तो आपल्या पायांनी येतो, खोकल्याच्या आणि तापाच्या रांगेशेजारच्या रांगेत उभा राहतो, आणि बोलतो. मानसोपचारतज्ज्ञाने ऐकण्याचे शिक्षण घ्यावे याची गरज खऱ्या अर्थाने येथून निर्माण झाली.

१९४६ च्या भोर समितीने आकडे मांडले. देशभर मनोरुग्णांसाठी दहा हजारांच्या आसपास खाटा, म्हणजे सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे एक. इंग्लंडात हेच प्रमाण ३०० माणसांमागे एक होते. समितीसाठी मनोरुग्णालयांची पाहणी करणाऱ्या मूर टेलर यांना ती उपचाराची नव्हे तर कोंडवाड्याची ठिकाणे वाटली. प्रशिक्षित मनुष्यबळ हवे या शिफारशीतून १९५४ मध्ये बंगळूरची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. पुढे तीच निमहान्स झाली. तेथे पदविकेचे वर्ग सुरू झाले आणि देशी प्रशिक्षणाला घडी बसली.

महाराष्ट्रात या घडीला निराळे वळण देणारी दोन नावे घेतली पाहिजेत. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती सहकाऱ्यांसह बसविली आणि १९७० च्या दशकात ती परदेशी नियतकालिकांतून मांडली. तिच्या गुणदोषांचा निवाडा वैद्यकाने करावा. येथील माणसास बरे करण्यासाठी येथील शब्द उपयोगी पडतील का, हा प्रश्न तीत होता एवढे आम्ही नोंदवितो. दुसरे नाव डॉ. मोहन आगाशे यांचे. वाचक त्यांना ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना म्हणून ओळखतात. ते पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात मानसोपचाराचे प्राध्यापक होते आणि १९९१ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्या माणसांच्या मानसिक आरोग्याचे काम त्यांनी हाती घेतले. किल्लारी लातूर जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या शेजारी. ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसाचे दुःख छापील प्रश्नावलीत मावत नाही, हे मराठवाड्याच्या भूमीवर तेव्हा दिसले. नट आणि मानसोपचारतज्ज्ञ एकाच देहात असावेत हा योगायोग असेल. पण दोघांचेही काम दुसऱ्याच्या वाक्यातील विराम ओळखण्याचे आहे.

*

आता निवासी डॉक्टराच्या तीन वर्षांकडे वळू. एम. बी. बी. एस. झालेला तरुण किंवा तरुणी प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर मानसोपचाराच्या एम. डी.ला येते. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात. त्यामुळे मराठवाड्यातील वॉर्डात केरळचा किंवा राजस्थानचा डॉक्टर रुजू होणे नवलाचे नाही. पहिले काही महिने त्याचे मराठी वॉर्डातील सिस्टर, मावशी आणि मामा यांच्या हवाली असते. लातूर किंवा नांदेडचा डॉक्टर असला तरी त्याची अडचण सर्वस्वी सुटत नाही, कारण तो पाच-साडेपाच वर्षे शरीराविषयी इंग्रजीतच विचार करावयास शिकलेला असतो.

त्याच्या शिक्षणाचा कणा म्हणजे रुग्णवृत्तान्त लिहिणे. वरिष्ठ तोच तपासतात, राउंडमध्ये तोच वाचून दाखवावा लागतो, आणि शेवटच्या परीक्षेतील ‘लाँग केस’ म्हणजे तोच, दिलेल्या वेळात. या वृत्तान्ताचा आराखडा साहित्याच्या शिक्षकाने एकदा जरूर पाहावा. आरंभी माहिती देणाऱ्याचे नाते लिहावयाचे आणि त्याची माहिती विश्वासार्ह व पुरेशी आहे का, हे ठरवावयाचे. कादंबरीच्या तासाला आपण अविश्वसनीय निवेदकाची चर्चा करतो; येथे तोच प्रश्न सासूने सुनेविषयी दिलेल्या माहितीबाबत उभा असतो आणि त्याच्या उत्तरावर औषध ठरते. मग तक्रारी, त्यांचा कालक्रम, बालपण, शिक्षण, संसार, व्यसन. त्यानंतर मनःस्थितीची तपासणी: पेहराव, बोलण्याची गती, भाव, विचारांचा ओघ, भास, स्मरण. अमूर्त विचाराची क्षमता पाहण्यासाठी म्हणीचा अर्थ विचारतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ याचा अर्थ रुग्ण अंगणापुरताच सांगतो की त्यापलीकडे जातो, हे टिपून घ्यावयाचे. शेवटी रुग्णास आपल्या आजाराची जाण कितपत आहे, याच्या पायऱ्या. शंभरातून सात वजा करीत जाण्याची कसोटी शाळेत न गेलेल्या बाईस लावून चालत नाही. तिला सोपी वजाबाकी किंवा बाजाराचा हिशेब विचारावा लागतो. हे तारतम्य पुस्तकापेक्षा ओपीडीत अधिक शिकावयास मिळते.

या आराखड्यात एक जागा आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी, असा नियम पाठ्यपुस्तके सांगतात. इंग्रजीने भरलेल्या केसपेपरावर बहुधा तेवढ्याच दोन-तीन ओळी मराठी असतात: ‘मन लागंना’, ‘झोप येईना’, ‘कसंतरी व्हायलंय’. खाली लगेच इंग्रजी संज्ञा सुरू होतात. रुग्ण घरी जाताना दिल्या जाणाऱ्या कागदावर तर मूळ ओळी उरण्याची शक्यता आणखी कमी.

‘कसंतरी होणे’ हा शब्दप्रयोग घ्या. मळमळीपासून भीतीपर्यंत काहीही त्यात बसते. बोलणाऱ्याला नेमके सांगता येत नाही असे नव्हे. आपली अवस्था नाव देण्यापलीकडची आहे, हेच तो नेमके सांगत असतो. निवासी डॉक्टराने तेथे ‘अस्वस्थता’ अशी इंग्रजी नोंद केली की प्रश्न सुटतो, आणि तेथेच ऐकणे थांबते. अनुभवी शिक्षक अशा वेळी विद्यार्थ्यास एकच सांगतो, की परत जा आणि कसंतरी म्हणजे कसं ते विचार.

*

याहून गंभीर उदाहरण ‘जीव’ या शब्दाचे आहे. मराठीत जीव म्हणजे प्राण, मन, माया, उमेद, सगळेच. जीव लागतो, जीव रमतो, जीव घाबरा होतो, जीव जडतो, एखादे काम जिवावर येते, आणि कुणी जीव देतो. शेतातून दमून आलेली बाई दिवसातून दोनदा ‘जीव नको झालाय’ म्हणते आणि भाकरी थापावयास बसते. तेच वाक्य तीच बाई ओपीडीत डॉक्टरासमोर म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय करावा? प्रत्येक वेळी शब्दशः घेतले तर निम्मे गाव दाखल करावे लागेल. प्रत्येक वेळी वाक्प्रचार म्हणून सोडले तर एखादे दिवशी तीच बाई मेडिसिनच्या वॉर्डात कीटकनाशकाच्या विषबाधेने येईल, आणि शुद्धीवर आल्यानंतर मानसोपचाराच्या त्याच निवासी डॉक्टरास तिला तपासण्यासाठी बोलावणे जाईल. स्वर, डोळे, वाक्य कुठे तुटले, ‘आता’ हा शब्द आधी आला की नाही, यांवरून फरक ओळखावयाचा असतो. रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही.

बीडमध्ये हा प्रश्न अमूर्त नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. अवर्षण, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनी जिल्ह्याचे नाव वारंवार वर्तमानपत्रांत आणले. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ होते. माणसाची मोजणीच अवजाराने होते. या माणसाच्या आजाराचा कालक्रम ‘सहा आठवड्यांपासून’ असा येत नाही. ‘कोयता धरला तवापासून’, ‘कारखाना बंद झाल्यावर’, ‘दुसऱ्या उचलीच्या साली’ असा येतो. निवासी डॉक्टरास या पंचांगाचे भाषांतर येत नसेल तर आजाराची सुरुवातच चुकीच्या महिन्यात लिहिली जाते. पंधरा दिवसांनी दाखवावयास या, असे सांगितलेला रुग्ण पंधरा दिवसांनी फडावर असतो, आणि केसपेपरावर मात्र ‘उपचार अर्धवट सोडले’ अशी नोंद पडण्याची भीती असते. सोडले की सुटले, हा क्रियापदाचा फरक आहे; पण त्यात दोष कोणाचा हे ठरते.

शासनाने काही केले नाही असे नाही. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम, २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी आलेला ‘प्रेरणा प्रकल्प’ ही त्याची टिपणे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयास लावले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम त्या रूपात उरले नाही. म्हणजे जे वाक्य पूर्वी रुग्ण पोलिसांच्या भीतीने गिळून टाकी, ते आता तो डॉक्टरापाशी बोलू शकतो. ऐकणाऱ्यावरची जबाबदारी तेवढी वाढली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. मात्र त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याविषयी आपण दुसऱ्यांच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो आहोत.

वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाच्या नव्या नियमांनुसार निवासी डॉक्टरास तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. याची चर्चा बहुधा मनुष्यबळाच्या दृष्टीने होते. आम्ही तिच्याकडे भाषेच्या दृष्टीने पाहतो. हे तीन महिने कोणी हजेरीपुरते घालविले तर वाया जातील. बीडसारख्या जिल्ह्यात कोणी ऐकण्यासाठी घालविले तर उरलेल्या आयुष्याची शिदोरी होईल.

*

मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी १९८१ मध्ये दक्षिण कर्नाटकातील स्त्रियांच्या अभ्यासातून ‘दुःखाचे वाक्प्रचार’ अशा अर्थाची संकल्पना मांडली आणि ती जगभर गेली. तिचे जन्मस्थान आपल्या शेजारी; तरी मराठीच्या बोलींतील अशा वाक्प्रचारांचा विचार आमच्या साहित्यविभागांत क्वचितच होतो. ‘ऋद्धिपूरचरित्रा’त लोक गोविंदप्रभूंना वेडे, पिसे म्हणतात, तेव्हा त्या शब्दांत निंदा किती आणि विस्मय किती, यावर आपण तास घेतो. ‘पिसे’, ‘वेड’, ‘भ्रम’, ‘चळ’ यांच्या अर्थच्छटा आपण विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. हेच कौशल्य काही किलोमीटरवरील ओपीडीत रोज कमी पडते, हे मात्र आमच्या ध्यानी येत नाही.

अंबाजोगाईत योगेश्वरी महाविद्यालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एकात मराठी शिकवितात, दुसऱ्यात मराठी माणसे तपासतात. दोहोंनी मिळून बीड-लातूरच्या बोलीतील मनोदुःखाच्या शब्दांचा एक लहानसा कोश करावा, अशी आमची सूचना आहे. रुग्णांची ओळख कोठेही न येता, केवळ शब्द, त्यांचे संदर्भ, आणि कोणत्या स्वरात ते कोणता अर्थ घेतात, एवढेच त्यात असावे. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टराच्या ॲप्रनच्या खिशात तो मावला पाहिजे. त्यासाठी मोठे अनुदान नको. चार शिक्षक, दोन निवासी डॉक्टर, वॉर्डातील एखादी जुनी मावशी आणि एक उन्हाळी सुटी पुरेल.

एवढे झाले तरी केसपेपर इंग्रजीतच राहील, परीक्षाही इंग्रजीतच होईल. त्यात लगेच बदल होईल असे आम्हांस वाटत नाही, आणि त्यासाठी अडून बसण्यातही अर्थ नाही. पण केसपेपराच्या डोक्यावरील त्या दोन-तीन मराठी ओळी चार-पाच झाल्या, आणि घरी जाताना मिळणाऱ्या कागदापर्यंत टिकल्या, तर पुढच्या वेळी तोच रुग्ण दुसऱ्या डॉक्टरासमोर बसेल तेव्हा त्याचे म्हणणे त्याच्या आधी तेथे पोहोचलेले असेल.